सिनेबेंच पास होते पण रेंडरला लावला की पीसी बंद पडते, ओव्हरक्लॉकची स्ट्रेस टेस्ट कशी अन् किती वेळ घ्यायची?

सवाल असा आला आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा बोर्ड, डब्यात आलेलाच कूलर, बायोसमधून (पीसीच्या मूळ सेटिंगमधून) सगळे कोर ४.३ गिगाहर्ट्झवर ओव्हरक्लॉक केलेले, म्हणजे कंपनीनं दिलेल्या स्पीडपेक्षा फास्ट, व्होल्टेज १.३७५. सिनेबेंच (प्रोसेसरची स्पीड मोजायची टेस्ट) तीनदा लावला, तीनदा पास. पण लग्नाचा दीड-दोन तासांचा व्हिडिओ एक्सपोर्टला टाकला की चाळीस-पन्नास मिनिटांत पीसी गपकन बंद. आता स्ट्रेस टेस्ट लावायची आहे, पण प्रोसेसर जळून जाईल का म्हणून भीती वाटते, अन् कोणी दहा मिनिटं सांगते तं कोणी चोवीस तास. गाव दारव्ह्याकडचं, खोली पत्र्याची.

भाऊ, अर्धं उत्तर तं तूच शेवटच्या दोन शब्दांत लिहून टाकलं. पत्र्याची खोली. बाकीचं सांगतो, पण उलीसं लांब होईल, सोळा वर्षं तालुक्याच्या ठिकाणी हेच धंदे करून राहिलो म्हणून थोडक्यात सांगता येत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, की पीसी बंद पडला नाही म्हणजे स्टेबल. नाही ना बाप्पा. प्रोसेसर तीन तऱ्हेनं चुकतो. एक तं सरळ बंद पडतो किंवा निळा स्क्रीन देतो, हा त्यातल्या त्यात चांगला, निदान समजते तरी. दुसरा हँग होतो. अन् तिसरा लय बेकार, तो काहीच करत नाही, चालू राहतो, फक्त हिशोब चुकवतो. होते काय, की प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाच्या, म्हणजे क्लॉकच्या, प्रत्येक टिकच्या आत ट्रान्झिस्टरले आपलं काम उरकून सिग्नल पुढं द्यायचा असतो. तू घड्याळ फास्ट केलं तं वेळ कमी पडला, वेळ कमी पडला म्हणून व्होल्टेज वाढवलं, व्होल्टेजनं गरमी वाढली, अन् गरमीनं तोच सिग्नल परत मंद झाला. मंग एखाद्या वेळी एकाच्या जागी शून्य वाचलं जाते. ते शून्य कुठं पडलं याच्यावर सगळं आहे, व्हिडिओच्या एका फ्रेममधे पडलं तं एक हिरवा चौकोन दिसते, फाइल सिस्टीममधे पडलं तं तुझं फोल्डरच गेलं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझा स्वतःचा इंटेलचा २५००के प्रोसेसर होता, २०११ च्या सँडी ब्रिज पिढीचा, मुळात ३.३ गिगाहर्ट्झचा, मी ४.६ वर पळवत होतो अन् गावभर फुशारकी मारत होतो. जानेवारीत रात्रभर टेस्ट लावली होती, पास. मे महिन्यात एका फोटो स्टुडिओवाल्याचे चार वर्षांचे फोटो जुन्या हार्डडिस्कवरून काढून झिप करून नवीनवर टाकून दिले. पीसी एकदाही अडकला नाही, एकदाही रिस्टार्ट झाला नाही. पंधरा दिवसांनी तो माणूस आला, म्हणे यातल्या काही फाइली उघडूनच नाही राहिल्या, सीआरसी एरर, म्हणजे फाइल आतून बिघडलेली. नशीब त्यानं जुनी डिस्क भंगारात दिली नव्हती. त्याच रात्री प्राइम९५ (प्रोसेसरचे हिशोब तपासणारी टेस्ट) लावला तं वीस मिनिटांत एक वर्कर, म्हणजे एका कोरवर चालणारा हिशोब, पडला. जानेवारीत जो पास होता तोच. बदललं होतं फक्त खोलीचं तापमान.

म्हणून पहिला हिशोब गरमीचा. हवेवरच्या कूलरचं गणित साधं आहे, तेवढ्याच लोडवर प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा ठरावीक डिग्री वर राहतो. हिवाळ्यात खोली १८ वर अन् लोडमधे प्रोसेसर ७६ वर, म्हणजे फरक ५८. आता एप्रिल-मे मधे पत्र्याखाली दुपारी दोन वाजता ४२ तं सहज होते, त्यात ५८ मिळव, १००. तुझ्या ३६०० ची कमाल हद्द ९५ आहे. म्हणजे प्रोसेसरचं काही बिघडलं नाही, सेटिंगचंही नाही, फक्त ऋतू बदलला. पुण्या-बेंगलोरच्या पोरांचे व्हिडिओ पाहून त्यांचे व्होल्टेज आपण टाकतो, पण त्यांच्या खोलीत २४ असते अन् वर एसी.

अन् व्होल्टेजचं पाय. गरमी वाढते ती क्लॉकच्या पटीत, अन् व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समज ४.० गिगाहर्ट्झ १.२ व्होल्टवर चालत होतं, तू ४.३ ला १.३७५ दिले. स्पीड वाढली साडेसात टक्के, गरमी वाढली साधारण ४० टक्के. साडेसात टक्क्यांसाठी चाळीस! त्यात तुझा डब्यातला कूलर म्हणजे तो छोटा अॅल्युमिनियमचा, तो ६५ वॅटच्या प्रोसेसरसोबत काम भागावं म्हणून दिलेला. डिफॉल्टमधे ३६०० वर ८८ वॅटची लगाम असते, हाताने क्लॉक फिक्स केलं की ती लगाम राहत नाही, हे लय जणांले माहीतच नसते.

आता सिनेबेंच काऊन पास होते अन् रेंडर काऊन नाही. पटावरचा बैल अन् वखराचा बैल यात फरक आहे की नाही? शंकरपटात जोडी काही सेकंद जीव तोडून पळते, तिथं जिंकली म्हणून तीच जोडी दिवसभर वावरात वखर ओढेल याची गॅरंटी कोणी देत नाही. सिनेबेंचची एक फेरी म्हणजे पट. हीटसिंक गरम व्हायले वेळ लागते, बोर्डावरचे व्हीआरएम (प्रोसेसरले व्होल्टेज पुरवणारे भाग) तापायले त्याहून जास्त लागते, कॅबिनेटमधली हवा तापायले त्याहून जास्त. तुझं चाळीस मिनिटांनी बंद पडून राहिलं, हा आकडाच सांगते की तापत-तापत काहीतरी हद्दीवर जाऊन राहिलं. प्रोसेसर, नाही तं व्हीआरएम, नाही तं एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय.

टेस्टच्या आधीची तयारी, ही सोडू नको. लग्नाचा डेटा ज्या डिस्कमधे आहे ती डिस्क काढून ठेव. बॅकअप घेतला म्हणू नको, काढून ठेव, केबल काढायले दोन मिनिटं लागते. मंग हीटसिंक उघडून पाय. आपल्या भागात कापसाच्या सीझनमधे, त्यातही जिनिंगजवळ घर असलं तं, रुईचे बारीक तंतू फिनमधे जाऊन अशी गादी बसते की वरून पंखा फिरताना दिसतो अन् खाली हवा जातच नाही. मागच्या साली एका पोराच्या हीटसिंकमधून अक्षरशः वात वळता येईल एवढी रुई काढली, त्याचं तापमान तेवढ्यानंच कितीतरी उतरलं. पंखा बोटानं धरून ब्लोअर मार, नाही तं हवेच्या जोरानं तो भन्नाट फिरते अन् बेअरिंग जाते. पेस्ट नवीन लाव, तुरीच्या दाण्याएवढी, भाजीवर साय पसरवल्यासारखी नाही.

इथं एक सांगून ठेवतो, कूलर आपल्याकडं दोन असतात. खिडकीतला तो खसवाला कूलर पीसीच्या तोंडावर लावून टेस्ट घ्यायची आयडिया दर साली कोणीतरी करते. नको करू. हवा थंड लागते पण बारीक शिंतोडे येतात, बोरचं पाणी खारं, ते बोर्डावर वाळलं की पांढरे डाग पडतात अन् काही महिन्यांत पिना हिरव्या. खोलीत कूलर चालू राहू दे, फक्त त्याचा झोत कॅबिनेटवर नको.

बायोसच्या सध्याच्या सगळ्या पानांचे मोबाइलमधे फोटो काढून घे. सीएमओएस क्लिअरचा (बायोस परत डिफॉल्टवर आणायचा) जंपर बोर्डावर कुठं आहे ते आधीच शोधून ठेव, पीसी उठलाच नाही तं रात्री टॉर्च घेऊन शोधत बसायची पाळी येते. रॅमचं एक्सएमपी (रॅम फास्ट चालवायची सेटिंग) बंद कर. हे महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट तपासायची, नाही तं रॅमची चूक प्रोसेसरच्या नावावर चढते. अन् सगळ्यात आधी सगळं डिफॉल्टवर ठेवून अर्धा तास टेस्ट घे. डिफॉल्टवरच पडला तं ओव्हरक्लॉक विसर, आधी रोग शोध. लोक हीच पायरी टाळतात अन् मंग महिनाभर व्होल्टेज खालीवर करत बसतात.

आकडे पाहायले एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर ठेव, त्यातलं सेन्सरवालं पान. त्यात प्रोसेसरचं तापमान, व्हीआरएमचं तापमान (बोर्ड दाखवत असला तं, स्वस्त बोर्ड दाखवत नाही), प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज, अन् 'इफेक्टिव्ह क्लॉक' नावाची ओळ. ही ओळ लय कामाची. वर ४३०० दिसून राहिलं पण पूर्ण लोडमधे इफेक्टिव्ह त्याच्यापेक्षा बरंच खाली असलं, तं चिप आतून आपली गती चोरून राहिली, बंद नाही पडत पण कामही तेवढं नाही करत. सगळ्यात खाली विंडोज हार्डवेअर एररचा काउंटर असतो, तो शून्यच पायजे. एक जरी झाला तरी फेल समज, पीसी वरून कितीही शांत दिसला तरी.

टेस्ट लावायचा माझा क्रम असा आहे. पहिले सिनेबेंच आर२३, दहा मिनिटांच्या लूपवाला, एक फेरीवाला नाही. त्यात तापमान ८५ च्या वर गेलं तं पुढं जाऊच नको, तिथंच व्होल्टेज कमी कर. मंग प्राइम९५. हे मुळात मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्या लोकांचं सॉफ्टवेअर आहे, १९९६ पासून चालू असलेला तो प्रकल्प, अन् त्याची खुबी हीच की त्याले बरोबर उत्तर आधीच माहीत असते, तुझ्या प्रोसेसरनं काढलेलं उत्तर त्याच्याशी ताडून पाहते. ओव्हरक्लॉक नसलेल्या प्रोसेसरलेही त्यानं पकडलं आहे, जानेवारी २०१६ मधे इंटेलनं कबूल केलं की स्कायलेक चिपा या सॉफ्टवेअरच्या एका विशिष्ट हिशोबात अडकतात, मंग बायोस अपडेटनं ते सुधारलं.

प्राइम९५ मधला 'स्मॉल एफएफटी' नावाचा टेस्टचा प्रकार म्हणजे निव्वळ भट्टी. सगळा हिशोब कॅशमधे होते, रॅमची वाट पाहावी लागत नाही, म्हणून चिप पूर्ण जोरात जळत राहते. हा मी पंधरा-वीस मिनिटांच्या वर लावत नाही, अन् समोर बसून लावतो, फक्त कूलर पुरतो का ते पाहायले. रात्रभर स्मॉल एफएफटी लावून झोपणारे असतात, त्यांले कोपरापासून नमस्कार. लांब टेस्ट 'लार्ज एफएफटी' नाही तं 'ब्लेंड'ची घ्यायची, त्यात रॅम अन् मेमरी कंट्रोलर पण येते. नंतर वाय-क्रंचर, ते गणितातल्या पाय (π) चे अंक मोजायचं सॉफ्टवेअर आहे, त्यातली स्ट्रेस टेस्ट वेगळ्या तऱ्हेनं पिळते, प्राइमले न सापडलेलं मले त्यात बरेचदा सापडलं आहे. ओसीसीटी पण चांगलं, त्याले तापमानाची हद्द देऊन ठेवता येते, तिथं पोचलं की ते स्वतःच थांबते, नवीन माणसानं तिथूनच सुरुवात करावी.

एप्रिलमधे एका पोराचा ३६०० च होता, तो कसा झाला ते सांगतो. रात्री दहाची वेळ, भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३६. टॉवरवाला बरा कूलर, ४.२ गिगाहर्ट्झ, १.२६२५ व्होल्ट. लार्ज एफएफटी लावला, पहिल्या दहा मिनिटांत ७९, अर्ध्या तासात ८३, मंग ८४ वर जाऊन बसला तो बसलाच. मी बाजूले प्रिंटर उघडून बसलो होतो. पावणेदोन तास झाले असतील, पंख्याचा आवाज उलीसा उतरल्यासारखा वाटला. मान वर करून पाहतो तं टास्क मॅनेजर १०० वरून ८३ वर. सहापैकी एक वर्कर गळाला होता. खिडकीत ओळ होती, 'फेटल एरर, राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४'. बाकी पाच मजेत चालून राहिले, माउस हलतो, गाणं वाजते, सगळं ठीक. तो पोरगा म्हणे दादा चालू तं आहे ना. म्हटलं चालू आहे पण खोटं बोलून राहिलं. व्होल्टेज दोन पायऱ्या वाढवून १.२७५ केलं, परत लावला, सकाळी साडेसहाले पाहिलं तेव्हा सहाही वर्कर उभे होते. फरक पडला साडेबारा मिलिव्होल्टचा. पण मी तेवढ्यावर त्याले मशीन दिलं नाही, मे येणार होता, वरून आणखी थोडी सूट ठेवायची म्हणून क्लॉकच ५० मेगाहर्ट्झ खाली आणलं. हे त्याले आवडलं नाही.

काय दिसलं तं काय समजायचं, हे मी असं लावतो. एकच वर्कर वारंवार पडते तं तो कोर कमजोर, थोडं व्होल्टेज वाढव किंवा थोडं क्लॉक कमी कर. निळा स्क्रीन 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' आला तं बहुतेक व्होल्टेज कमी पडलं. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' आला तरी पहिला संशय तिथंच. 'मेमरी मॅनेजमेंट' नाही तं दर वेळी वेगळाच कोड, तं आधी रॅमकडं पाय, मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून लावून रात्रभर सोड. अन् निळा स्क्रीन नाही, हँग नाही, सरळ लाइट गेल्यासारखा काळोख, तुझं आहे तसं, तं तो बहुतेक वेळा हिशोबाचा विषय नसतो, तापमानाचं संरक्षण किंवा एसएमपीएस. इव्हेंट व्ह्यूअरमधे 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल, लोक त्यालेच रोग समजून शोधत बसतात, त्याचा अर्थ फक्त एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता गेली. कारण तो सांगत नाही.

एसएमपीएसवर येतो, आपल्या खेड्यात हा विषय मोठा आहे. संध्याकाळी सात ते दहा डीपीवर लोड येते अन् घरात २३० च्या जागी १७०-१८० दिसते, मोटरपंपाची वाइंडिंग काऊन जळते हे तुले सांगायची गरज नाही. एसएमपीएसचं पण तसंच, त्याले आत तेवढेच वॅट द्यायचे असतात, बाहेर व्होल्टेज पडलं की तो अँपिअर जास्त ओढते अन् तापते. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० लिहिलेलं असते, तो निभावून नेते. पण पाचशे-सहाशे रुपयांचा, ज्याच्या मागं ११५/२३० चं लाल बटन असते, त्याच्यावर ओव्हरक्लॉकची टेस्ट म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या मानेवर दोन नांगरांचं जू. साधा मल्टिमीटर घे, लोड चालू असताना मोकळ्या मोलेक्स पिनच्या पिवळ्या अन् काळ्या तारेत लाव, ११.४ च्या खाली गेलं नाही पायजे. एसएमपीएस स्वतः मात्र उघडू नको, बंद केल्यावरही त्याच्यात करंट साठलेला असते. कॅबिनेटले हात लावल्यावर मुंग्या येत असतील तं आधी अर्थिंग पाय, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडते, दोन बादल्या पाणी टाकलं तरी फरक दिसते.

टेस्ट इन्व्हर्टरवर घेऊ नको. लहान यूपीएसवर घेत असशील तं त्याची बॅटरी जिवंत आहे का ते आधी पाय, नाही तं लाइन झपकली, पीसी बसला, अन् तू समजशील ओव्हरक्लॉक फेल. माझा तं नियमच आहे, टेस्टच्या वेळी लाइन गेली की ती टेस्ट धरायचीच नाही.

आता जळेल का. थोडक्यात, तापमानानं सहसा जळत नाही, ९५ ला तो स्वतःले आवरते, नाहीच आवरलं तं बंद होते. खरं नुकसान करते ते व्होल्टेज, अन् तेही एका रात्रीत नाही, हळूहळू. आज १.३७५ वर जे चालते त्याले साल-दोन सालांनी जास्त व्होल्टेज लागायले लागते. २०२४ मधे इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपांचं हेच झालं, चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेत होत्या, मायक्रोकोड अपडेट काढावे लागले अन् वॉरंटी दोन सालांनी वाढवावी लागली, अन् ते तं कितीतरी लोकांनी काही छेडछाड न करता वापरलेले प्रोसेसर होते. ३६०० ले रोजच्या कामासाठी सगळ्या कोरवर १.३ च्या वर मी स्वतः जात नाही.

किती तास? लार्ज एफएफटी एक तास गेला की ढोबळ चुका निघून जातात. मग एक पूर्ण रात्र. पण रात्र पास झाली तरी माझ्यासाठी ती अर्धीच, दुपारी दोन ते चार, पत्रा तापलेला असताना, दोन तास परत लाव. तिथं पास झाला तं खरा. त्या दुपारच्या टेस्टले उठून जाऊ नको, ९० दिसलं की बंद, व्हीआरएम १०० कडं चाललं की बंद, काही करपल्याचा वास आला तं माउस नको शोधू, मागचं बटन बंद कर. त्यानंतर एक्सएमपी चालू करून परत ब्लेंड अन् वाय-क्रंचर, काऊन की रॅम वाढली की मेमरी कंट्रोलरवर लोड येते. अन् शेवटी दोन-तीन दिवस नुसता वापर, स्लीपमधे टाकून उठव, सकाळी थंडा असताना चालू कर, यूट्यूब पाहात बस. काही चिपा पूर्ण लोडमधे दगडासारख्या अन् रिकाम्या बसल्या की पडतात, रायझन ५००० मधे कर्व्ह ऑप्टिमायझर (एकेका कोरचं व्होल्टेज खालीवर करायची सेटिंग) लावणाऱ्यांले हे जास्त दिसते, त्यांच्यासाठी कोरसायकलर नावाची स्क्रिप्ट आहे, एकेक कोर वेगळा पिळते.

तुझ्यासाठी माझं म्हणणं, आज रात्री आधी डिफॉल्टवर जा अन् तोच व्हिडिओ एक्सपोर्टले टाक. डिफॉल्टवर पण बंद पडला तं एसएमपीएस नाही तं कूलर, विषय संपला. नाही पडला तं ४.१ अन् १.२५ वर सुरुवात कर, ४.३ विसर, त्या कूलरवर ते होणार नाही. एक्सपोर्टमधे फरक पडेल तो चार-पाच मिनिटांचा, तेवढ्या वेळात तं तू चहा घेऊन येशील. लगीनसराईचं काम हातात असेल तं जूनपर्यंत डिफॉल्टच चालू दे. अन् परत लिहिशील तेव्हा एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो, खोलीतलं तापमान, अन् एचडब्ल्यूइन्फोच्या 'मॅक्सिमम' वाल्या रकान्याचा फोटो, हे तीन पाठव, नुसतं 'बंद पडते' लिहू नको.